तरुण वयातला हार्ट अटॅक: सिगरेट आणि बाकीची कारणं
वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तरुण म्हणजे नेमकं किती वयाचे?

वेगवेगळ्या अभ्यासांत कुठे ४०, कुठे ४५, तर कुठे ५० वर्षांवर रेघ मारलेली असते. इथे आपण पन्नाशीच्या आतले सगळे धरू. रेघ कुठेही मारली तरी एक गोष्ट तशीच राहते: या वयात अटॅक आलेल्यांमध्ये सिगरेट ओढणाऱ्यांचं प्रमाण साठी-सत्तरीतल्या रुग्णांपेक्षा बरंच जास्त असतं. अमेरिकेत बॉस्टनमधल्या दोन रुग्णालयांत, वयाच्या पन्नाशीपर्यंत पहिला अटॅक आलेल्या रुग्णांचा 'यंग-एमआय' नावाचा अभ्यास झाला. त्यातले निम्म्याहून थोडे अधिक रुग्ण अटॅक आला तेव्हा सिगरेट ओढत होते.

ब्लॉकेज व्हायला वर्षानुवर्षं लागतात म्हणतात. मग तिशीतल्या माणसाला अटॅक येतो कसा?

वर्षं लागतात हे खरंच आहे. फक्त सुरुवात आपण समजतो त्याच्या फार आधी झालेली असते. कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय होतं २२. त्यांतल्या ७७ टक्के जणांच्या हृदयाच्या धमन्यांत रोगाच्या खुणा नुसत्या डोळ्यांना दिसत होत्या. ही पोरं धडधाकट म्हणून सैन्यात घेतलेली होती.

दुसरं म्हणजे, धमनी हळूहळू बुजत बुजत शेवटी पूर्ण बंद झाली आणि अटॅक आला, असं सहसा घडत नाही. धमनीच्या भिंतीत चरबीचा जो थर साठतो, त्याला प्लाक म्हणतात. हा प्लाक एखाद्या दिवशी फुटतो, किंवा त्याच्यावरचं नाजूक अस्तर खरवडलं जातं. शरीराला ती जखम वाटते आणि तिथे रक्ताची गुठळी धरते. ही गुठळी बघता बघता रक्ताची वाट अडवते. म्हणून काल जिने चढताना ज्याला धापही लागली नव्हती, त्याला आज अटॅक येऊ शकतो. अस्तर खरवडलं जाण्याचा हा दुसरा प्रकार तरुण रुग्णांत आणि त्यातही सिगरेट ओढणाऱ्यांत जास्त दिसतो.

सिगरेटनं फुप्फुसं खराब होतात हे माहीत आहे. हृदयाचा काय संबंध?

सिगरेट म्हटलं की बहुतेकांना फुप्फुसाचा कर्करोग आठवतो. तो सहसा पुष्कळ वर्षांनी होतो, त्यामुळे 'चाळिशीत सोडू' असा हिशोब तरुणपणी सुचतो. हृदयाच्या बाबतीत हा हिशोब चुकतो, कारण तिथे परिणाम पहिल्या झुरक्यापासूनच सुरू होतो.

निकोटिन मेंदूपर्यंत काही सेकंदांत पोचतं. अ‍ॅड्रेनलिन वाढतं, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. म्हणजे हृदयाचं काम वाढलं आणि त्याला जास्त ऑक्सिजन हवा. नेमका त्याच वेळी धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो. त्याची हिमोग्लोबिनवरची पकड ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट असते, त्यामुळे ऑक्सिजनला जागाच कमी उरते. मागणी वाढवायची आणि पुरवठा कापायचा, अशी ही दुहेरी कोंडी.

पण तरुणांच्या दृष्टीनं खरी घातक गोष्ट पुढची आहे. निरोगी धमनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं. त्यामुळे धमनी सैल राहते आणि रक्त तिला चिकटत नाही. धुरामुळे हे नायट्रिक ऑक्साइड घटतं. रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चटकन चिकटू लागतात, गुठळीला लागणारं फायब्रिनोजेन वाढतं, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल कमी होतं, आणि कधी कधी धमनी अचानक आवळली जाते. प्लाक लहान असला तरी रक्तच गोठायला टपलेलं असेल, तर अटॅक यायला तेवढं पुरतं. तरुण रुग्णाच्या अँजिओग्राफीत कित्येकदा एकाच धमनीत ताजी गुठळी सापडते आणि बाकीच्या धमन्या बऱ्यापैकी स्वच्छ असतात, त्याचं कारण हेच.

मी दिवसाला एक-दोनच ओढतो. त्यानं काय होणार आहे?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच असेल. यामागचं गणित असं: दिवसाला वीस ओढणाऱ्याला जेवढा धोका, त्याचा विसावा हिस्सा एक ओढणाऱ्याला. कर्करोगाच्या बाबतीत आकड्यांचा कल साधारण तसा दिसतो. हृदयाच्या बाबतीत मुळीच नाही.

'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०१८ साली १४१ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. दिवसाला वीस सिगरेटींमुळे हृदयविकाराचा जो जादा धोका येतो, त्यातला जवळपास निम्मा पुरुषांना दिवसाला एका सिगरेटीनंच येतो. स्त्रियांत हा वाटा सुमारे एक तृतीयांश निघाला. कारण वर आलंच आहे. प्लेटलेट्स आणि धमनीचं अस्तर अगदी थोड्या धुरानंही बिघडतं, आणि तिथून पुढे धूर वाढला तरी बिघाड त्या पटीत वाढत नाही.

म्हणून वीसवरून पाचवर आलेल्या माणसाचं कौतुक करताना माझा हात जरा आखडता असतो. फुप्फुसांना त्याचा फायदा आहे, आणि पाचावरून शून्यावर येणं सोपंही जातं. पण पाचावरच थांबलात तर हृदयाचा धोका फारसा खाली उतरलेला नसतो. 'फक्त पार्टीत' ओढणारे आणि 'लाइट' सिगरेट घेणारे याच रांगेत येतात. लाइट सिगरेट ओढताना झुरका जास्त खोल घेतला जातो आणि निकोटिनची भरपाई करून घेतली जाते.

वयस्कर माणसापेक्षा तरुणाला सिगरेट कमी बाधत असेल ना?

उलटं आहे. इंग्लंडमधल्या साउथ यॉर्कशायर भागातला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात धमनी पूर्ण बंद होऊन येणाऱ्या मोठ्या अटॅकचा विचार केला होता. पन्नाशीच्या आतल्या, सिगरेट ओढणाऱ्यांना असा अटॅक येण्याचं प्रमाण त्याच वयाच्या न ओढणाऱ्यांच्या आठपट होतं. पासष्टीपुढे हाच फरक तिपटीवर आला. म्हातारपणी अटॅक यायला बाकीची कारणं भरपूर जमलेली असतात. तरुणपणी ती नसतात, म्हणून सिगरेटचा वाटा एवढा ठळक दिसतो. याचा सरळ अर्थ असा की तरुणाच्या हातातलं सर्वांत मोठं कारण टाळता येण्यासारखं आहे.

बिडी, हुक्का, व्हेप, चघळायची तंबाखू: यातलं काही कमी वाईट आहे का?

बिडी नाही. तंबाखू कमी असली तरी ती विझू नये म्हणून झुरके जास्त घ्यावे लागतात. हुक्क्यात धूर पाण्यातून येतो म्हणून गाळला जातो, हा निव्वळ गैरसमज आहे. पाण्यानं धूर थंड होतो, त्यामुळे तो जास्त खोल ओढला जातो. शिवाय हुक्क्याची बैठक तासभर चालते आणि कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वर मिळतो तो वेगळाच.

चघळायच्या तंबाखूत धूर नसतो, पण निकोटिन भरपूर असतं. ५२ देशांत झालेला 'इंटरहार्ट' नावाचा मोठा अभ्यास आहे. त्यात तंबाखू चघळणाऱ्यांनाही अटॅकचा धोका दुपटीहून थोडा जास्त आढळला.

व्हेपमध्ये जळलेल्या तंबाखूचा धूर आणि कार्बन मोनॉक्साइड नसतो. पण निकोटिनमुळे नाडी आणि रक्तदाब वाढायचा तो वाढतोच. ज्यानं कधी सिगरेट ओढली नाही त्यानं व्हेप सुरू करायला काहीच कारण नाही. आणि बरेच जण करतात तसं, दिवसा व्हेप आणि रात्री सिगरेट, यानं हृदयाला काडीचाही फायदा होत नाही.

मी ओढत नाही, पण घरात दुसरे ओढतात.

घरात किंवा कामाच्या जागी सतत दुसऱ्याचा धूर नाकात जात असेल तर हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो. खिडकी उघडून भागत नाही. ओढणाऱ्यानं घराबाहेर जाणं हाच उपाय.

सिगरेटला हातही न लावणाऱ्या तरुणांना अटॅक येतो तो कशामुळे?

वर उल्लेख केलेला इंटरहार्ट अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या अटॅकचा सुमारे ९० टक्के धोका नऊ गोष्टींनी स्पष्ट होतो, असं त्यात दिसलं: रक्तातल्या चरबीचा बिघाड, धूम्रपान, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, आहारात फळं-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि मद्याच्या सवयी. म्हणजे 'काही कारण नसताना आला' असं आपण ज्याला म्हणतो, त्यातल्या बहुतेकांत कारण असतं. ते कुणी मोजलेलं नसतं, एवढंच. दक्षिण आशियाई लोकांत पहिला अटॅक साधारण ५३ व्या वर्षी येतो, बाकीच्या जगात सुमारे ५९ व्या वर्षी. हा फरकही बऱ्याच अंशी याच कारणांनी उलगडला: ती कमी वयातच हजर होती.

तरुणांच्या बाबतीत दोन आनुवंशिक गोष्टींकडे मी मुद्दाम लक्ष वेधेन, कारण त्या वजनावरून किंवा अंगकाठीवरून ओळखू येत नाहीत.

पहिली, जन्मजात उच्च कोलेस्टेरॉल. साधारण २५० ते ३०० माणसांत एकाला हा दोष असतो आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १९० मिलिग्रॅमच्या वर असेल तर ही शंका घ्यावी. टाचेच्या वरच्या जाड शिरेवर किंवा हाताच्या बोटांच्या मागे घट्ट गाठी दिसणं, ऐन तारुण्यात बुबुळाभोवती पांढुरकं कडं दिसणं, या त्याच्या खुणा आहेत. उपचार न केल्यास यातल्या जवळपास निम्म्या पुरुषांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो. पथ्यानं हे कोलेस्टेरॉल पुरेसं उतरत नाही, गोळ्या लागतातच. त्या गोळ्या चांगल्या काम करतात.

दुसरी, लिपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एलडीएलसारखाच एक कण. कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या तपासणीत हा आकडा येत नाही, वेगळा मागून घ्यावा लागतो. तो जवळजवळ पूर्णपणे जनुकांवर ठरतो, म्हणून आयुष्यात एकदा तपासला तरी पुरतो. ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका वाढलेला धरतात. अशा वेळी बाकीची कारणं जास्त कसोशीनं आटोक्यात ठेवायची.

मधुमेह आणि रक्तदाब यांच्याबद्दल नवं सांगण्यासारखं थोडं आहे, पण तरुणांत ते वर्षानुवर्षं लक्षातच येत नाहीत, कारण त्यांचं काही दुखत नाही. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, अथवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर वय पंचवीस असलं तरी तो उच्च रक्तदाबच. पोटाचा घेर दक्षिण आशियाई पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. हातपाय सडसडीत आणि पोट तेवढं सुटलेलं, अशा माणसाला वजनकाटा खोटा दिलासा देतो.

मी रोज जिमला जातो, धावतो. मला भीती नाही ना?

व्यायामानं धोका कमी होतो. शून्य होत नाही. व्यायामानं सिगरेट जळून जात नाही आणि जन्मजात कोलेस्टेरॉलही वितळत नाही.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा. मैदानावर खेळाडू अचानक कोसळतो, ते प्रत्येक वेळी हार्ट अटॅकनं नसतं. रक्तपुरवठा अडून हृदयाचा स्नायू मरतो तो अटॅक. हृदयाची लय बिघडून ठोकेच थांबतात तो कार्डियाक अरेस्ट. पस्तिशीच्या आतल्या खेळाडूंत बऱ्याचदा जन्मजात जाड झालेला हृदयाचा स्नायू किंवा लयीचा दोष निघतो, पस्तिशीनंतर मुख्यतः धमन्यांचा रोग. घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलं असेल, किंवा व्यायाम करताना तुम्हाला चक्कर येऊन शुद्ध हरपली असेल, तर आधी तपासणी आणि मग जिम.

आणि स्नायू फुगवायला घेतली जाणारी स्टेरॉइडची इंजेक्शनं: एचडीएल पार खाली आणतात, एलडीएल आणि रक्तदाब वाढवतात, गुठळ्या व्हायला मदत करतात. डॉक्टरांनी विचारलं तर लपवू नका.

ताणामुळे अटॅक येतो का? रात्री जागरण होतं.

ताणाचा वाटा आहे. पण सगळं खापर ताणावर फोडण्याची आपल्याला भारी हौस, कारण त्यासाठी काही तपासावं लागत नाही. ताण बऱ्याचदा सिगरेट, अवेळी खाणं आणि जागरण यांच्या वाटेनंच हृदयापर्यंत पोचतो. सहा तासांहून कमी झोप रोजची झाली तर रक्तदाब आणि साखर दोन्ही बिघडतात. जोरात घोरत असाल आणि दिवसा डुलक्या येत असतील तर झोपेत श्वास अडण्याच्या विकाराची, म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी करून घ्या.

गांजा, कोकेन?

कोकेन घेतल्यावर पहिल्या तासात अटॅकचा धोका सुमारे २४ पट वाढतो, असं १९९९ सालच्या अभ्यासात दिसलं. धमनी आवळली जाते आणि गुठळीही होते. तीच पद्धत वापरून केलेल्या गांजाच्या अभ्यासात पहिल्या तासात धोका जवळपास पाचपट निघाला. 'नैसर्गिक आहे' हा युक्तिवाद तंबाखूलाही लागू पडतो.

स्त्रियांना तरुणपणी अटॅक येत नाही, हे खरं का?

कमी येतो. पण आला की ओळखायला उशीर होतो, कारण ती स्वतः, घरचे आणि कधी कधी डॉक्टरही त्याचा विचार करत नाहीत. धूम्रपानामुळे वाढणारा हृदयविकाराचा धोका स्त्रियांत पुरुषांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त असतो.

पस्तिशी ओलांडलेल्या आणि सिगरेट ओढणाऱ्या स्त्रीनं इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत. दुसरे पर्याय आहेत, डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात रक्तदाब वाढला होता किंवा मधुमेह झाला होता, तर बाळंतपणानंतर विषय संपत नाही. पुढे हृदयविकाराचा धोका वाढलेला राहतो, आणि ही माहिती पुढच्या प्रत्येक डॉक्टरांना द्यायला हवी. तरुण स्त्रियांत, विशेषतः बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत, धमनीचं अस्तर आपोआप फाटूनही अटॅक येतो. त्यात कोलेस्टेरॉल, साखर सगळं ठीक असू शकतं.

माझा ईसीजी आणि ट्रेडमिल टेस्ट नॉर्मल आहे. मग काळजी मिटली?

ईसीजी त्या क्षणाचं सांगतो. ट्रेडमिल टेस्टमध्ये धमनी बरीच अरुंद झालेली असेल तरच फरक दिसतो. पण अटॅक आणणारे अनेक प्लाक त्याआधी लहानच असतात. त्यामुळे या चाचण्या नॉर्मल आल्या म्हणून सिगरेट चालू ठेवायचा परवाना मिळत नाही.

'पुढच्या दहा वर्षांतला धोका' सांगणाऱ्या गणनयंत्रांबद्दलही सावध राहा. त्यांत सर्वांत जास्त वजन वयाला असतं. पस्तीस वर्षांच्या माणसाचं कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि सिगरेट तिन्ही वाईट असलं तरी आकडा कमीच येतो. तो दहा वर्षांचा असतो, पुढच्या चाळीसांचा नव्हे.

अ‍ॅसिडिटी आहे की अटॅक, कसं ओळखायचं?

घरी ठरवायचा प्रयत्नच करू नका. छातीच्या मधोमध दाब, आवळल्यासारखं किंवा जड वाटणं, ते डाव्या हातात, दोन्ही हातांत, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जाणं, दरदरून घाम, धाप, मळमळ. यातलं काही दहा-पंधरा मिनिटांत थांबत नसेल तर रुग्णवाहिका बोलवा. त्रास खूप असेल तर तेवढंही थांबू नका. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा आजार नसेल आणि फोनवर डॉक्टरांनी सांगितलं, तर ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खातात.

तरुण रुग्णांचा वेळ जातो तो 'या वयात कुठला अटॅक' म्हणत. रुग्णालयात पोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. पहिला ईसीजी नॉर्मल असला तरी दुखणं चालू असेल तर तो पुन्हा काढतात आणि रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) काही तासांच्या अंतरानं दोनदा बघतात. पहिल्या नॉर्मल कागदावर घरी पाठवत असतील तर हे विचारायला संकोच नको. आणि सिगरेट ओढता हे तिथे स्पष्ट सांगा.

सोडली तर हृदय किती दिवसांत सावरतं?

नाडी आणि रक्तदाब वीस मिनिटांत उतरू लागतात. कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत निघून जातो. प्लेटलेट्सचा चिकटपणा काही आठवड्यांत कमी होतो. वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका साधारण निम्म्यावर येतो, आणि पंधरा वर्षांनी जवळपास न ओढणाऱ्याइतका होतो.

ब्रिटिश डॉक्टरांवरचा एक अभ्यास १९५१ साली सुरू होऊन पन्नास वर्षं चालला. आयुष्यभर ओढणाऱ्यांचं आयुष्य सरासरी दहा वर्षांनी घटलं. साठीत सोडणाऱ्यांनी त्यातली तीन वर्षं वाचवली, पन्नाशीत सहा, चाळिशीत नऊ. तिशीत सोडणाऱ्यांनी जवळजवळ सगळी.

सोडायची कशी? दोनदा प्रयत्न फसला.

बहुतेकांचा फसतो. निकोटिनचं व्यसन मेंदूत बसलेलं असतं, त्यामुळे नुसत्या मनोनिग्रहावर सोडणाऱ्यांत टिकणारे थोडे. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत अवघड: चिडचिड, झोप उडणं, लक्ष न लागणं. दोन ते चार आठवड्यांत हे बरंच ओसरतं. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते.

निकोटिनचे पॅच आणि च्युइंग गम एकत्र वापरले तर एकट्या-दुकट्यापेक्षा जास्त उपयोग होतो. गम २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये येतो. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगरेट लागत असेल तर ४ चा घ्यावा. तो सारखा चघळायचा नसतो: थोडा चावायचा, चव आली की गालात धरायचा, नाहीतर उचक्या लागतात आणि लोक वैतागून सोडून देतात. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं घ्यायच्या. सोबत समुपदेशन असेल तर यश वाढतं.

वजन चार-पाच किलो वाढू शकतं. वाढू दे. हृदयाच्या हिशोबात सिगरेट सोडल्याचा फायदा त्याहून खूप मोठा आहे.

अटॅक येऊन गेला, स्टेंट बसला. आता सोडून काय उपयोग?

हृदयविकार झाल्यावर सिगरेट सोडणाऱ्यांचा मृत्यूचा धोका न सोडणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी होतो. बॉस्टनच्या त्या तरुण रुग्णांत तर फरक आणखी मोठा दिसला: वर्षभरात सोडलेल्यांच्या मृत्यूचं प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास कमी होतं. तरीही अटॅकनंतर वर्षानं दहातले सहा जण ओढतच होते. स्टेंट म्हणजे धमनीत बसवलेली जाळीची बारीक नळी; ती एका जागेची वाट मोकळी करते. धूर मात्र सगळ्याच धमन्यांत जातो. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता एक दिवसही बंद करू नका. निकोटिनचा पॅच हृदयरुग्णांनाही सिगरेटपेक्षा कितीतरी सुरक्षित असतो, तेव्हा त्याला घाबरून सिगरेटकडे वळू नका.

भावाला चाळिशीत अटॅक आला. मी काय तपासायचं?

वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर त्याला घराण्यातला धोका धरतात. वय कितीही असो, रक्तदाब, उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी, कोलेस्टेरॉलची पूर्ण तपासणी आणि एकदा लिपोप्रोटीन-ए करून घ्या. भावाचे अटॅकच्या वेळचे रिपोर्ट सोबत न्या, विशेषतः उपचार सुरू होण्यापूर्वीचा एलडीएलचा आकडा. त्याला जन्मजात उच्च कोलेस्टेरॉल निघालं तर तुम्हाला ते असण्याची शक्यता निम्मी, आणि त्याच्या प्रत्येक मुलालाही तेवढीच. मुलांची तपासणी शाळकरी वयातच करता येते.